संपूर्ण युनिक्स सर्व्हर टेपवर घेणं आणि परत उभा करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक रॅक, दोन-तीन लिनक्स सर्व्हर, कोपऱ्यात एखादं जुनं एआयएक्स (आयबीएमचं युनिक्स) आणि एक एलटीओ ड्राइव्ह, म्हणजे बॅकअपच्या टेपा चालवणारं यंत्र. एवढा संसार एकट्याने किंवा दुकट्याने सांभाळणाऱ्यांसाठी हे पान आहे. कमांड मी सहकाऱ्याला फोनवर सांगतो तशा नागरीतच लिहिल्या आहेत. टाइप करताना मॅन पेज शेजारी उघडं ठेवा.

आता सगळं क्लाउडवर जातंय. टेप अजून कोणी वापरतं का?

वापरतात, आणि मुकाट्याने वापरतात. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या काही लोकांना सकाळी मेलबॉक्स रिकामे दिसले. गूगलने दिलेला आकडा होता ०.०२ टक्के वापरकर्ते. स्टोरेजच्या सॉफ्टवेअरमधल्या एका अपडेटने घोळ घातला होता, आणि डेटाच्या एकाहून जास्त प्रती असूनही त्या त्याच घोळात सापडल्या. मेल परत आले ते टेपवरून. ऑनलाइन असलेल्या प्रत्येक प्रतीपर्यंत चूक पोचू शकते, रॅन्समवेअरही पोचतं. कपाटातल्या कार्ट्रिजपर्यंत पोचायला माणसाला उठून जावं लागतं.

टेपची खोड वेगळीच आहे. ती आंधळी असते. डिस्क लावली की पार्टिशन दिसतात, फाइलसिस्टिमचं नाव दिसतं, निदान अंदाज तरी बांधता येतो. टेप म्हणजे एका सरळ रेषेत लिहिलेले बाइट. त्यावर काय आहे, कोणत्या क्रमाने आहे, केवढ्या तुकड्यांत लिहिलंय, यातलं काहीही ती आपणहून सांगत नाही. ते सांगणारा नकाशा तुमच्याकडे असावा लागतो. आणि बहुतेकांचा नकाशा नेमका त्याच सर्व्हरवर असतो जो बंद पडलाय. खालच्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ इथेच आहे.

‘संपूर्ण सर्व्हर’ म्हणजे सगळ्या फाइली ना?

फाइली झाल्याच. त्याशिवाय पार्टिशन टेबल, एलव्हीएमची (डिस्कची जागा लवचिकपणे वाटणाऱ्या थराची) मांडणी, सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या) असेल तर त्याची रचना, प्रत्येक फाइलसिस्टिमचा प्रकार आणि यूयूआयडी (तिचा ओळख क्रमांक), बूटलोडर, आणि मशीन यूईएफआयने बूट होतं की जुन्या बायोसने ही नोंद. यातली एकही गोष्ट टारच्या (फाइली एका गाठोड्यात बांधणाऱ्या कमांडच्या) आर्काइव्हमध्ये आपोआप जात नाही. रूटपासून, म्हणजे सगळ्यात वरच्या डिरेक्टरीपासून, सगळं टेपवर घेतलं म्हणजे सर्व्हर घेतला असं वाटतं. खरं तर घरातलं सामान बांधलेलं असतं, घराचा आराखडा राहून गेलेला असतो.

म्हणून रोज बॅकअपच्या आधी एक छोटी स्क्रिप्ट चालवा. एसजीडिस्कने पार्टिशन टेबलची प्रत, व्हीजीसीएफजी-बॅकअपने एलव्हीएमची, एमडीएडीएमचं डिटेल-स्कॅन, बीएलकेआयडी आणि एलएसबीएलकेचं आउटपुट, एफएसटॅब (कोणती फाइलसिस्टिम कुठे लावायची ते सांगणारी फाइल), आणि बसवलेल्या पॅकेजची यादी. हे सगळं एका डिरेक्टरीत गोळा करा. काही एमबीच होतं. ते टेपवर सगळ्यात पहिली फाइल म्हणून लिहा आणि दुसऱ्या मशीनवरही पाठवा.

हा उद्योग हाताने नको असेल तर रिलॅक्स-अँड-रिकव्हर, म्हणजे ‘रिअर’, हे चांगलं साधन आहे. ते मांडणी स्वतः नोंदवतं आणि त्या मशीनपुरती बूट होणारी रेस्क्यू प्रतिमा बनवतं. लिनक्ससाठी मी आता तेच सुचवतो. पण एकदा तरी सगळं हाताने करून बघा, नाहीतर रिअर मध्येच अडलं की तुम्हीही अडाल.

कोणता ड्राइव्ह, कोणतं कार्ट्रिज?

कॉम्प्रेशन न धरता एलटीओ-६ मध्ये २.५ टीबी मावतं, एलटीओ-७ मध्ये ६, एलटीओ-८ मध्ये १२ आणि २०२१ साली आलेल्या एलटीओ-९ मध्ये १८ टीबी. खोक्यावर ठळक अक्षरात असतो तो अडीच पट कॉम्प्रेशन धरलेला आकडा. फोटो, व्हिडिओ, आधीच झिप केलेल्या फाइली यांना ते लागू होत नाही, तेव्हा हिशेब लहान आकड्यानेच करा.

जुनी टेप नव्या ड्राइव्हवर चालेल का, यावर लोक फसतात. एलटीओ-७ पर्यंतचा ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचायचा आणि एक पिढी मागचं लिहायचा. एलटीओ-८ पासून ते बदललं: तो फक्त ७ आणि ८ जाणतो, ६ वाचत नाही. एलटीओ-९ चा ड्राइव्ह ८ आणि ९. ड्राइव्ह बदलायच्या आधी कपाट उघडून लेबलं वाचा.

एलटीओ-९ चं कोरं कार्ट्रिज पहिल्यांदा घातलं की ते ड्राइव्हशी जुळवून घेण्यात बराच वेळ घेतं, दोन तासांपर्यंतही जाऊ शकतात. ड्राइव्ह अडकला समजून बटण दाबू नका. नवी कार्ट्रिजं दिवसा, चहा पिता पिता, एकेक करून घालून ठेवा.

टार, सीपीआयओ की डंप?

नव्याने सुरू करत असाल तर जीएनयू टार. टार हे नावच ‘टेप आर्काइव्ह’वरून आलं, १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये ते होतं. त्यामुळे आणखी वीस वर्षांनी ते वाचणारं काहीतरी सापडेल याची खात्री वाटते. कोणत्याही विकत घेतलेल्या फॉरमॅटबद्दल मी असं बोलणार नाही.

डंप फाइलसिस्टिमच्या पोटात शिरून वाचतं, शून्य ते नऊ अशा पातळ्यांचं इन्क्रिमेंटल (फक्त बदललेलं घेणारा बॅकअप) देतं, आणि त्याच्या रिस्टोअरमधला इंटरॅक्टिव्ह मोड फार सोयीचा आहे. पण लिनक्सवर ते एक्स्ट कुटुंबातल्या फाइलसिस्टिमपुरतंच चालतं, आणि चालू, माउंट केलेल्या फाइलसिस्टिमवर चालवलं तर कर्नलच्या कॅशमध्ये असलेलं ताजं काही त्याला दिसेलच असं नाही. एक्सएफएस या फाइलसिस्टिमसाठी त्याचं स्वतःचं एक्सएफएस-डंप आहे. फ्रीबीएसडीवर डंपला मोठा एल दिला की ते आधी स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली प्रत, घेतं, म्हणून तिथे ते बिनधास्त वापरा.

सीपीआयओ ही टारसारखीच जुनी कमांड; जुन्या स्क्रिप्टमध्ये दिसली तर चालू द्या. नव्याने त्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

टारला कोणते पर्याय द्यायचे?

एसीएल, एक्सॅटर आणि एसई-लिनक्स हे तिन्ही पर्याय द्या, म्हणजे फाइलींच्या जादा परवानग्या, जादा गुणधर्म आणि सुरक्षेची लेबलंही टेपवर जातात. मोठ्या पण आतून पोकळ फाइली असतील, व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क असतात तशा, तर स्पार्स द्या. आणि वन-फाइल-सिस्टिम द्या, म्हणजे कोणी एनएफएसवर (नेटवर्कवरून) लावून ठेवलेला चार टीबीचा डोंगर चुकून आत येणार नाही. मात्र हा पर्याय दिला की व्हार, होम, बूट आणि बूटच्या आतलं ईएफआय यांची नावं वेगळी द्यावी लागतात. ईएफआयचं पार्टिशन विसरणारे खूप. ते काहीशे एमबीचंच असतं, पण त्याच्याशिवाय मशीन उठत नाही.

काढताना लक्षात ठेवायची गंमत अशी की एक्सॅटरचा पर्याय नुसता दिला तर टार फक्त ‘यूझर’ गटातले गुणधर्म परत लावतं. फाइलींच्या कॅपॅबिलिटी (प्रोग्रॅमला दिलेले खास अधिकार) ‘सिक्युरिटी’ गटात असतात, त्यासाठी एक्सॅटर-इन्क्लूडला फुली, म्हणजे स्टार, द्यावा लागतो. नाही दिला तर सर्व्हर वरवर ठणठणीत उठतो आणि काही वितरणांवर साध्या वापरकर्त्याला पिंगसुद्धा करता येत नाही.

काय वगळायचं?

प्रॉक, सिस, डेव्ह, रन (चालू मशीन मेमरीतून दाखवतं त्या डिरेक्टऱ्या) आणि टेंप. प्रॉकमधली केकोअर नावाची फाइल बघून ‘आपल्या सर्व्हरवर एवढी मोठी फाइल कुठून आली’ असे फोन मला दरवर्षी येतात. ती डिस्कवर नसतेच.

वगळा ते या डिरेक्टऱ्यांच्या आतलं, डिरेक्टरी नव्हे. रिकामी प्रॉक आणि रिकामी सिस टेपवर असू द्या. नाहीतर रिस्टोअरनंतर कर्नल सुरू होतं, प्रॉक लावायला जागा शोधतं, आणि सापडत नाही.

एसटी-० आणि एनएसटी-० यात फरक काय? दोन्ही चालतात की.

दोन्ही लिनक्सवर एकाच टेप ड्राइव्हची नावं आहेत. एसटी-० वापरलं तर काम संपून डिव्हाइस बंद होताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. एनएसटी-० वापरलं तर ती जिथे थांबली तिथेच उभी राहते. एका ‘एन’चा फरक.

तो एक ‘एन’ मला किती महाग पडला ते सांगतो. एका छोट्या कारखान्याचा सर्व्हर माझ्याकडे आला तेव्हा रात्रीचा बॅकअप आधीपासून चालू होता. स्क्रिप्ट स्वच्छ होती: आधी रूट, मग व्हार, मग होम, तीन टार, तिन्ही एसटी-० वर. लॉगमध्ये रोज तीनदा यशस्वी. मी वाचली, मान डोलावली, पुढे गेलो. आठ महिन्यांनी डिस्क गेली. टेप लावली, एमटीने (टेप मागेपुढे नेणाऱ्या कमांडने) एक फाइल, म्हणजे टेपवरचं एक अख्खं टार, पुढे जायला सांगितलं, तर टेप संपली. पुन्हा मागे येऊन यादी काढली: फक्त होम. रूट लिहून झालं की टेप मागे यायची, व्हार त्याच्यावर लिहिलं जायचं, पुन्हा मागे, आणि त्याच्यावर होम. मागच्या दहाही कार्ट्रिजवर तेच. हिशेबाचा सगळा डेटा व्हारमध्ये होता. तीन महिन्यांपूर्वी कोणीतरी एका यूएसबी डिस्कवर सहज केलेली कॉपी ड्रॉवरमध्ये मिळाली, आणि मधल्या तीन महिन्यांची व्हाउचरं दोन मुलींनी पंधरा दिवस बसून हाताने भरली. त्यांना मी रोज वडापाव नेत होतो. दुसरं काय करणार.

तेव्हापासून माझ्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीला एकदा रिवाइंड, मग सगळं एनएसटी-० वर, शेवटी एमटी स्टेटस. स्टेटसमध्ये फाइल नंबर तीन दिसायला हवा असेल आणि शून्य दिसला, तर स्क्रिप्ट मोठ्याने ओरडते. इतर युनिक्सवर हेच नाव वेगळं असतं: फ्रीबीएसडीवर एनएसए-०, सोलॅरिसवर आकड्यानंतर एन, एआयएक्सवर आरएमटी-० च्या पुढे टिंब आणि एक.

टेप वाचताना ‘मेमरी अपुरी’ असा संदेश येतो. रॅम वाढवू का?

नका. रॅम वाढवून बघितलेला एक सद्गृहस्थ मला माहीत आहे, त्याची रॅम चांगली होती.

टेपवर बाइट ठरावीक आकाराच्या ब्लॉकमध्ये लिहिले जातात. टार काही सांगितलं नाही तर ५१२ बाइटचे २० तुकडे, म्हणजे १०,२४० बाइटचा ब्लॉक करतं. एलटीओला तो फार लहान पडतो, म्हणून बहुतेक जण ब्लॉकिंग फॅक्टर ५१२ देतात, म्हणजे २५६ केबी. आता लिहिताना २५६ केबी आणि वाचताना साधं टार, तर कर्नल म्हणतं की हा ब्लॉक तुझ्या भांड्यात मावत नाही. त्याचाच तो संदेश.

लिहिलेला आकार माहीत नसेल तर एमटीला सेट-ब्लॉक शून्य सांगा, डीडीने (कच्चे बाइट वाचणाऱ्या कमांडने) एक एमबीचा ब्लॉक आकार देऊन एकच ब्लॉक एका फाइलीत वाचा, आणि त्या फाइलीचा आकार बघा. तोच तुमचा ब्लॉक. एक एमबीलाही तोच संदेश आला तर दोन देऊन बघा. अनोळखी टेप हातात आली की मी पहिलं काम हेच करतो.

ड्राइव्ह घर्र-थांब-घर्र असा आवाज करतो आणि बॅकअप सकाळपर्यंत संपत नाही.

टेपला सतत डेटा हवा असतो. तो कमी पडला की ड्राइव्ह थांबतो, थोडी टेप मागे घेतो, पुन्हा वेग पकडतो. बूट पुसणारा फडकं मागेपुढे ओढतो तसं, म्हणून याला शू-शायनिंग म्हणतात. वेळ जातो, टेप झिजते, हेडही झिजतं. एलटीओ-७ ला पूर्ण वेगात सेकंदाला ३०० एमबी लागतात. त्या वेगाने ६ टीबीची टेप सुमारे साडेपाच तासांत भरते. फिरत्या डिस्कवरच्या लाखो बारीक फाइली टारने वाचताना हा वेग स्वप्नातही येत नाही.

उपाय दोन. पहिला म्हणजे टार आणि टेपच्या मध्ये एमबफर हा डेटा मेमरीत साठवून पुढे सोडणारा प्रोग्रॅम लावा. त्याला ४-८ जीबी मेमरी द्या आणि ८० टक्के भरल्याशिवाय टेपवर लिहू नको असं सांगा. मग ड्राइव्ह थोडा वेळ धावतो, थोडा वेळ निवांत थांबतो, मागेपुढे कमी करतो. पण एमबफर मध्ये आला की टेपवरचा ब्लॉक एमबफरच्या सेटिंगने ठरतो, टारच्या नाही. तोच आकार कागदावर लिहा. दुसरा उपाय जास्त चांगला आहे: आधी वेगळ्या डिस्कवर एक मोठी टार फाइल करा आणि ती एका दमात टेपवर ओता. जागा लागते, पण डिस्क आता स्वस्त आहे.

डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइली टारने घेतल्या तर चालतं?

नाही. टार पहिली फाइल रात्री एकला वाचतं आणि शेवटची चारला. मधल्या तीन तासांत डेटाबेस बदललेला असतो. रिस्टोअर केल्यावर जे मिळतं ते कुठल्याच एका क्षणाचं चित्र नसतं. पोस्टग्रेससाठी पीजी-डंप किंवा बेसबॅकअप, मायएसक्यूएलच्या इनोडीबीसाठी सिंगल-ट्रान्झॅक्शन देऊन डंप, ओरॅकलला आरमॅन. त्यांची फाइल आधी डिस्कवर काढा, मग ती टेपवर. बाकी फाइलींसाठी एलव्हीएमचा स्नॅपशॉट घेऊन त्यावरून टार चालवणं उत्तम.

बॅकअप नीट झाला हे कसं कळणार? मेल येतो ‘यशस्वी’ म्हणून.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. मग रोजचे डंप शोधले तर ते होतच नव्हते: डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंप काढणारा प्रोग्रॅम ९.२ चा. अपयशाचे मेल जात होते, पण डीमार्कच्या (मेल पाठवणारा खरा आहे का या) तपासणीत नाकारले जात होते. सहाएक तासांचा डेटा गेला, आणि त्यांनी हे सगळं स्वतःच जाहीर केलं म्हणून आपल्याला माहीत आहे. तेव्हा मेल न येणं म्हणजे सगळं छान, असं धरू नका. रोज सकाळी मेल आला पाहिजे, आणि तो आला नाही की तुमच्या पोटात गोळा आला पाहिजे.

टारचा एक्झिट कोड, म्हणजे संपताना ते देतं तो आकडा, बघा. एक म्हणजे वाचता वाचता काही फाइली बदलल्या. चालू सर्व्हरवर हे होणारच, यादी बघून सोडा. दोन म्हणजे काहीतरी खरंच बिघडलं. पाइपमध्ये एमबफर असेल तर शेल फक्त शेवटच्या प्रोग्रॅमचा कोड सांगतं, म्हणून बॅशमध्ये पाइपफेल चालू करा.

मग टेप मागे घेऊन यादी वाचा. संपूर्ण टेप शेवटपर्यंत वाचली गेली म्हणजे निदान माध्यम ठीक आहे. महिन्यातून एकदा यदृच्छेने निवडलेल्या पाच फाइली वेगळ्या डिरेक्टरीत काढून मूळ फाइलींशी ताडा. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुटीच्या आधी म्हणा, भंगारातल्या मशीनवर पूर्ण सर्व्हर उभा करा. पहिल्या वेळी जमणार नाही. माझं तिसऱ्या वेळी जमलं.

रोज पूर्ण घ्यायचा की इन्क्रिमेंटल?

एका टेपवर सगळं मावत असेल आणि रात्र पुरत असेल तर रोज पूर्ण. रिस्टोअरच्या वेळी एकच कार्ट्रिज शोधायचं हे सुख मोठं आहे.

मावत नसेल तर शनिवारी पूर्ण आणि इतर दिवशी टारचं लिस्टेड-इन्क्रिमेंटल. ते एका स्नॅपशॉट फाइलीवर चालतं, आणि प्रत्येक वेळी ती फाइल बदलतं. दररोज ‘शनिवारपासूनचे बदल’ हवे असतील तर चालवायच्या आधी शनिवारची स्नॅपशॉट फाइल कॉपी करून ती कॉपी द्या. नाहीतर सोमवारचं रविवारवर, मंगळवारचं सोमवारवर असं साखळीने अवलंबून राहतं आणि मधली एक टेप गेली की पुढचं लंगडं. काढताना स्नॅपशॉट फाइलीच्या जागी डेव्ह-नल (कायम रिकामी असणारी फाइल) द्या. त्या पर्यायाने काढलं तर मधल्या दिवसांत पुसलेल्या फाइलीही टार पुसतं, तेव्हा भरलेल्या डिरेक्टरीवर सहज म्हणून चालवू नका.

टेपांची फिरती जुनीच बरी: आजोबा-बाप-मुलगा. रोजची चार, आठवड्याची पाच, महिन्याची बारा. महिन्याचं कार्ट्रिज ऑफिसबाहेर. आर्थिक वर्ष संपल्यावरचं, ३१ मार्चचं, परत वापरू नका.

सर्व्हर गेला. कोरं मशीन समोर आहे. आता काय करू?

आधी कार्ट्रिजवरचं राइट-प्रोटेक्टचं बटण सरकवा. घाईत ‘सी’ आणि ‘एक्स’ यांची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे, आणि टारमध्ये ‘सी’ म्हणजे नवं लिहायला घे.

जुन्या मशीनच्याच पद्धतीने, यूईएफआय तर यूईएफआय, रेस्क्यू डिस्कवरून बूट करा. एमटी स्टेटस द्या. ड्राइव्ह दिसत नसेल तर एसएएस कार्डाचा (टेप ड्राइव्ह मशीनला जोडणाऱ्या कार्डाचा) ड्रायव्हर त्या रेस्क्यू डिस्कमध्ये नाही; हे आजच, शांतपणे, तपासून ठेवा. मग टेपवरची पहिली फाइल, तुमचा नकाशा, काढा.

त्यावरून पार्टिशन पाडा, एलव्हीएम उभं करा, फाइलसिस्टिम बनवा. यूयूआयडी जुनाच दिला तर एफएसटॅब आणि बूटलोडरला हात लावावा लागत नाही. इथे एक खड्डा आहे: अगदी नव्या रेस्क्यू डिस्कने बनवलेल्या फाइलसिस्टिममध्ये नवी वैशिष्ट्यं आपोआप चालू असतात, आणि जुना कर्नल किंवा जुना ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) ती वाचायला नकार देतो. तुमचा सर्व्हर सात वर्षांपूर्वीचा असेल तर रेस्क्यू डिस्कही त्याच्या वयाचीच जपून ठेवा.

रूट लावा, त्याच्या आत बूट, ईएफआय, व्हार, होम लावा. सगळं लागलंय ना ते डीएफने बघा, मगच टेपला हात घाला. व्हार लावायचं राहिलं तर सगळं रूटमध्ये ओतलं जातं आणि चाळीस मिनिटांनी डिस्क भरली असा संदेश येतो.

एमटीने हव्या त्या फाइलपर्यंत पुढे जा आणि टारने काढा. न्यूमेरिक-ओनर हा पर्याय विसरू नका. टार मालकाचं नाव आणि नंबर दोन्ही साठवतं आणि काढताना नावाला पसंती देतं. रेस्क्यू डिस्कवर त्याच नावाचा वापरकर्ता वेगळ्या नंबरचा असेल, तर डेटाबेसच्या सगळ्या फाइली भलत्याच्याच नावावर जातात.

पूर्ण बॅकअपनंतर इन्क्रिमेंटल. मग डेव्ह, प्रॉक, सिस बाइंड करून सीएचरूट (म्हणजे परत आणलेल्या रूटच्या आत शिरा), ग्रब बसवा, इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला ड्रायव्हर पुरवणारी छोटी प्रतिमा) नव्याने बनवा. मशीन वेगळ्या कंपनीचं असेल तर हे शेवटचं अपरिहार्य, कारण जुन्या इनिटरॅमएफएसमध्ये नव्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर नसण्याची शक्यता मोठी. एसई-लिनक्स असेल तर रूटमध्ये ऑटो-रीलेबलची रिकामी फाइल ठेवा. पहिलं बूट रेंगाळेल, रेंगाळू द्या.

पहिलं बूट नेटवर्कची केबल काढून करा. उठल्या उठल्या क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) जागा होतो आणि गेल्या आठवड्यात गेलेली बिलं ग्राहकांना पुन्हा पाठवतो.

एकच फाइल हवी आहे. सगळी टेप वाचावी लागेल?

त्या फाइलमार्कपर्यंत (टेपवरच्या दोन टारमधल्या खुणेपर्यंत) उडी मारता येते, त्याच्या आत मात्र सरळ वाचत जावं लागतं. म्हणून एक अवाढव्य टार करण्यापेक्षा फाइलसिस्टिमगणिक वेगळं टार करा. बॅकअपच्या वेळी निघालेली फाइलींची यादी तारखेनिशी दुसऱ्या मशीनवर ठेवा. शोध ग्रेपने तिथे घ्यायचा, टेपवर नाही. नाव देताना सुरुवातीची तिरकी रेघ काढा, कारण टार ती लिहितानाच काढून टाकतं. ‘फाइल सापडत नाही’ या तक्रारींतल्या निम्म्या एवढ्यावर मिटतात.

आमच्याकडे एआयएक्स आहे. तेही असंच?

एआयएक्सवाल्यांचा मला हेवा वाटतो. एमकेसिसबी ही कमांड दिली की टेप स्वतः बूट होते. तिच्यावर चार भाग असतात: बूट प्रतिमा, इन्स्टॉलची साधनं, एक नावापुरती अनुक्रमणिका, आणि चौथ्यात रूटव्हीजीच्या, म्हणजे खुद्द सिस्टिम असलेल्या डिस्कगटाच्या, खऱ्या फाइली. एक फाइल हवी असेल तर टेप सुरुवातीला आणून रिस्टोअरला चौथा भाग सांगा. मेख इतकीच की ते फक्त रूटव्हीजी घेतं, आणि त्यातल्याही माउंट केलेल्या फाइलसिस्टिम. डेटाचे इतर व्हॉल्यूम ग्रुप सेव्हव्हीजीने वेगळे घ्यावे लागतात.

एचपी-यूएक्सवर इग्नाइटचं मेक-टेप-रिकव्हरी हेच काम करतं. सोलॅरिसवर यूएफएस फाइलसिस्टिम असेल तर यूएफएस-डंप, आणि परत आणल्यावर इन्स्टॉलबूट.

टेप एन्क्रिप्ट करावी का?

ऑफिसबाहेर जात असेल तर हो. एलटीओ-४ पासून ड्राइव्ह स्वतः एईएस-२५६ ने करतो, वेग पडत नाही. किल्ली कुठे ठेवली? सर्व्हरवर, असं उत्तर असेल तर एन्क्रिप्ट न केलेली बरी. किल्ली कागदावर छापून, पाकिटात घालून, टेपपेक्षा वेगळ्या जागी.

टेप कुठे ठेवायच्या? पावसाळ्याचं काय?

दीर्घकाळ ठेवायच्या टेपांना १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते. जुलैत मुंबई, कोकण, गोव्यात हवा सहज ८० टक्क्यांवर असते. रात्री एसी बंद होणाऱ्या खोलीत टेपांचं कपाट ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, शेजारी दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा काटा. पुड्या दर पंधरा दिवसांनी बदला. बाहेरून आणलेलं कार्ट्रिज लगेच ड्राइव्हमध्ये न घालता एक दिवस खोलीत राहू द्या.

आगीसाठी तिजोरी घेणार असाल तर एक बघा: कागदपत्रांसाठीची तिजोरी आतलं तापमान १७७ अंशांपर्यंत चढू देते, कागद त्याला टिकतो. चुंबकीय टेपसाठीच्या तिजोरीची मर्यादा ६६ आहे.

क्लीनिंग कार्ट्रिज दर सोमवारी घालतो. बरोबर ना?

नाही. ड्राइव्हने दिवा लावून मागितलं तरच. ते घासणारं असतं, आणि साधारण ५० वापरांत संपतं.

टेपसोबत कागदावर नेमकं काय लिहू?

माझ्या एका डब्यातला कागद जसाच्या तसा:

‘कार्ट्रिज १४, एलटीओ-७, शनिवार पूर्ण. ब्लॉक २५६ केबी, सेट-ब्लॉक ०. ड्राइव्हचं कॉम्प्रेशन चालू, एन्क्रिप्शन नाही. फाइल ०: नकाशा. फाइल १: रूट, बूट आणि ईएफआय. फाइल २: व्हार, स्नॅपशॉटवरून. फाइल ३: होम. फाइल ४: पोस्टग्रेसचा डंप. जीएनयू टार, काढताना न्यूमेरिक-ओनर, एक्सॅटर-इन्क्लूड स्टार. मशीन यूईएफआय. रेस्क्यू यूएसबी याच डब्यात, निळी.’

पेन्सिलीने लिहिलंय, कारण शाई दमट हवेत पसरते.

नवा ड्राइव्ह आला. जुना भंगारात देऊ?

त्या पिढीचं शेवटचं कार्ट्रिज नव्या टेपवर उतरेपर्यंत नाही. आणि ड्राइव्हबरोबर त्याचं एसएएस कार्ड आणि केबलही ठेवा. केबल हमखास कोणीतरी उचलून नेतं.